कोड आणि कारण

आईला तपासणीला सुरतेला न्यायचं होतं. दोनच दिवस आधी चिंचपाड्याच्या अंगणात गाडीचा चेक इंजिन दिवा लागला. स्कॅनर जोडला: पी०४४३. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनकडे सोडणाऱ्या पर्ज सोलेनॉइडचं सर्किट. नवापूरहून नवा सोलेनॉइड आणला, बसवला, कोड पुसला. स्टेशनपर्यंत दोन चकरा मारल्या आणि दिवा पुन्हा हजर.

हायवेवरच्या मिस्त्रीकाकांनी जुन्या सोलेनॉइडला मीटर लावला. २४ ओम. "कॉइल तर चांगली आहे. वायर पाहिलीस का?"

बॉनेटखाली उंदरानं कुरतडलेली वायर लोंबत होती.

कोड फक्त सर्किट बिघडलंय एवढंच सांगतो. त्यात सोलेनॉइड, वायर, कनेक्टर, ईसीयू सगळेच आले. एरर ज्या ओळीवर दिसते तिथंच चूक असेल असं नाही, हे ऑफिसात मी ज्युनिअरांना रोज सांगतो. घरी विसरलो, कारण डोक्यात आईची काळजी होती आणि भीतीला झटपट उत्तर हवं असतं.

सुरतेला डॉक्टरांनी रिपोर्टमधला लाल आकडा पाहिला आणि औषध न लिहिता आणखी दोन तपासण्या सांगितल्या. एरवी मी वैतागलो असतो. या वेळी आईशेजारी गुपचूप बसून राहिलो.