मायचा फोटो

आठवीत असताना शाळेच्या प्रयोगशाळेत सरांनी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचे पाणी ओतले. तळाशी बसलेला पांढरा साका खिडकीतल्या उन्हात ठेवला, तेव्हा तो पाहता पाहता जांभळट काळा पडला. "चांदीच्या क्षाराला उजेड कळतो," एवढेच सर म्हणाले.

नोकरी लागली तेव्हा, १९८४ साली, आमच्या घरात मायचा एकही फोटो नव्हता. मी एक जुना 'क्लिक थ्री' कॅमेरा घेतला आणि त्यात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म घातली. एका रोलवर १२ फोटो. बाराही मायचेच काढले. फिल्म घरीच धुवायचे ठरवले, कारण स्टुडिओला द्यायला पैसे उरले नव्हते. आणि खरे सांगायचे तर थोडी विद्याही मिरवायची होती. लिटरभर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५ आणि बोरॅक्स २ ग्रॅम, असे सोनाराच्या काट्यावर तोलून डेव्हलपर तयार केले.

फिल्म लाल दिव्यात धुतात, असा अनेकांचा समज असतो. लाल दिवा कागदासाठी. या फिल्मला लाल उजेडही दिसतो. रात्री दारे-खिडक्या लावून, वरून गोधडी पांघरून, मी चाचपडत फिल्म कागदापासून सोडवली आणि टाकीच्या रिळावर चढवली. दिवे मालवल्यावर ट्रंकेतली वस्तू बिनचूक काढण्याची वसतिगृहातली सवय कामी आली. टाकीचे झाकण लागले की दिवा लावता येतो. मी चुकलो तो उजेडातच! दोन बाटल्या सारख्याच होत्या. डेव्हलपरने चित्र उमटवायचे आणि उरलेला क्षार हायपोने विरघळवायचा, हा क्रम. मी हायपो आधी ओतला. टाकी उघडली तर फिल्म काचेसारखी कोरी.

माझ्याच्याने बोलवेना. माय म्हणाली, "मंग काय झालं लेका, पुन्यांदा बसते की."

दुसऱ्या वेळी मे महिना होता. द्रावण २० अंशांवर हवे; न्हाणीत पारा ३३ वर. ओले फडके गुंडाळलेल्या माठाच्या पाण्यात बाटल्या ठेवून द्रावण २४ पर्यंत उतरवले आणि आठ मिनिटांऐवजी साडेपाचच दिली. बाटल्यांना या खेपेस निरनिराळ्या चिंध्या बांधल्या होत्या. राहिले ते हायपो धुऊन काढणे. माय हापशावरून घागरी आणत होती. दुसरी घागर संपल्यावर तिसरी मागण्याचा मला धीर झाला नाही. टाकी तीनदा भरून, ५, १० आणि २० वेळा उलटसुलट करून थोड्या पाण्यात फिल्म धुण्याची रीत मला फार उशिरा कळली.

ओली पट्टी दोरीला चिमट्याने टांगली. माय तिच्याखाली उभी राहून उजेडाकडे पाहत राहिली. निगेटिव्हमध्ये तिचे पांढरे केस काळेभोर झाले होते.

"तरणी केलंस की रे मला!"

तिला जाऊन आता बरीच वर्षे झाली. नऊ निगेटिव्ह अजून स्वच्छ आहेत. तिन्हींवर राहून गेलेल्या हायपोचे पिवळट डाग चढत आहेत. एकीवर डाग तिच्या कपाळापर्यंत आला आहे. तिची प्रत मी गेल्या महिन्यात काढून घेतली.