साभार परत

'साभार परत' इतका सभ्य नकार दुसऱ्या कुठल्या धंद्यात देत असतील असं मला वाटत नाही. नोकरीत सांगतात 'कळवतो', लग्नाच्या बाजारात सांगतात 'पत्रिका जुळत नाही'. साहित्यात मात्र आभार मानून घालवतात. पूर्वी सोबत पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा पाठवावा लागायचा. म्हणजे नकार घरी आणायचा पोस्टखर्चही लेखकाचाच. आता ईमेल असल्यामुळे तो खर्च वाचला आणि बहुतेक वेळा आभारही गेले. तीन महिने उत्तर आलं नाही की समजून घ्यायचं.

माझी एक कथा चार ठिकाणांहून परत आली आहे. त्यातल्या दोन ठिकाणी तर 'आली' म्हणणंही जास्तच, कारण तिकडून काहीच आलं नाही. कथा आहे विड्या वळणाऱ्या एका बाईची. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो. घरात तेलुगू, गल्लीत मराठी-कन्नड-दखनीची मिसळ आणि शाळेत पुस्तकातलं मराठी. मला लिहायला येतं ते मराठीच. तेलुगू मी बोलतो, पण मला ती लिहिता येत नाही. म्हणजे ज्या भाषेत अम्मा माझ्यावर ओरडते तीत मी लिहू शकत नाही आणि ज्या भाषेत मी लिहितो ती अम्माला धड वाचता येत नाही. तरीही कथा तिचीच आहे.

तिसऱ्या नकारात कारण दिलं होतं. अनुभव अस्सल आहे, पण भाषा कच्ची आहे; संवाद प्रमाण मराठीत केल्यास विचार करू. माझ्या कथेत एक पोरगा दुसऱ्याला 'काय करलालास बे' असं विचारतो. त्याने 'काय करतो आहेस रे' असं विचारलं तर तो आमच्या गल्लीतला उरत नाही, कुणाचा तरी पाहुणा होतो. दोन दिवस मी चिडलो होतो. तिसऱ्या दिवशी वेगळीच भीती वाटायला लागली: ही भाषा कच्ची असेल, तर माझ्याकडे दुसरी पक्की भाषा आहेच कुठे?

अशा वेळी मित्र हॅरी पॉटरची गोष्ट फॉरवर्ड करतात. बारा प्रकाशकांनी नाकारलं वगैरे. मला तिचा काही उपयोग होत नाही. ज्यांना शंभर जणांनी नाकारलं आणि पुढेही कुणी छापलं नाही, त्यांची गोष्ट कुणी फॉरवर्ड करत नाही.

मला जास्त धीर मराठीतल्याच भांडणांनी दिला. 'सत्यकथा' मासिकात कथा येणं म्हणजे लेखक म्हणून शिक्का बसणं, असा एक काळ होता. राम पटवर्धनांसारखे संपादक नव्या लेखकाला लांबलचक पत्रं लिहायचे, कथा पुन्हा लिहायला लावायचे. आणि त्याच दारावर राग धरून 1969मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'ची होळी केली. त्याच्याही आधी, पन्नासच्या दशकात, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर वगैरे मंडळींनी 'शब्द' नावाचं अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं होतं. मला दोन्ही बाजू पटतात, ही माझी पंचाईत आहे. नीट वाचून, खुणा करून नाकारणारा संपादक मला हवाच आहे. पण 'नीट' म्हणजे काय ते त्याने एकट्याने ठरवलेलं मला नको.

अम्माला कथेचं माहीत होतं. मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता ती अधूनमधून विचारायची, छापून कधी येणार? भाषेमुळे परत आली, असं शेवटी मी सांगितलं. तिला भाषेचं काही वाटलं नाही. तिने विचारलं, "परत दिली ना पण?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विड्यांची मजुरी हजारावर मिळते. वळलेल्या विड्या कारखान्यात नेल्या की तपासणारा जुड्या हातात घेतो आणि त्याला खराब वाटतील त्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत. वर त्या विड्या परतही मिळत नाहीत. पान गेलं, तंबाखू गेली, वळायला घातलेला वेळही गेला. आणि नेहमी खराबच निघतात म्हणून छाट होते असं नाही, असं अम्मा आणि तिच्या मैत्रिणी गेली कित्येक वर्षं म्हणत आल्या आहेत. छाटीच्या त्या विड्यांचं पुढे काय होतं, हे मी लहानपणी अम्माला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "कुणीतरी ओढतच असेल की."

तर तिचा प्रश्न साधा हिशेबाचा होता. माल आपल्याकडेच आहे ना? मग रडतोस कशाला? मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कथेत सगळं होतं, सूप होतं, पानं कापायची कात्री होती, तंबाखूचा खोकला होता. छाट नव्हती. ती मला इतकी रोजची होती की लिहायचं सुचलंच नव्हतं.

मग कथेत तपासणारा आला. त्याच्यामुळे मधली दोन पानं कापावी लागली आणि शेवट बदलला. 'करलालास' तसंच ठेवलं. ही नवी कथा चौथ्या ठिकाणी पाठवली, तिथूनही ती परत आली. या वेळी कारण शब्दसंख्या होतं. ते वाचून राग कमी आणि हसू जास्त आलं, पण संध्याकाळी जेवण गेलं नाही हेही खरं.

सध्या ती पाचव्या ठिकाणी आहे. दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, त्यामुळे गणपतीपर्यंत काही कळलं नाही तर नाही असं समजायचं. अम्मा विचारायची थांबलेली नाही. फक्त आता छापून कधी येणार, असं विचारत नाही. विचारते, "कुठं आहे ती सध्या?"