विकतचं आणि भाड्याचं

मराठी माणसाचा आणि बर्फाचा संबंध गोळ्यापुरता. तोही काडीवरचा, वर लाल सरबत घातलेला. त्याला खास पोशाख लागत नाही. डाग पडले तरी चालेल असा एखादा जुना शर्ट पुरतो. त्यामुळे साठीला टेकलेल्या आम्हा उभयतांनी जानेवारीत गुलमर्गला जाऊन स्कीइंग शिकायचं ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो हाच, की घालायचं काय?

कल्पना अर्थातच हिची. "सगळा जन्म सगळ्यांना 'घसरशील, जपून' म्हणण्यात गेला. आता मला एकदा मुद्दाम घसरायचंय," असं तिनं जाहीर केलं. खर्चाची वही मात्र माझ्याकडे, आणि वहीत पेन्शनीचा आकडा!

बातमी फुटताच सल्ले सुरू झाले. शेजारचे अण्णा स्वतःची माकडटोपी घेऊन आले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "आतून दोन बनियन घाला नि वरून जाड जीन्स." मनालीला स्कीइंगचा कोर्स केलेला माझा भाचा हे ऐकून कपाळाला हात लावून बसला.

"मामा, गुलमर्गची उंची सुमारे 2,650 मीटर. म्हणजे तुमच्या सिंहगडाच्या दुप्पट. रात्री पारा शून्याच्या खाली. तिथे सुती काही चालत नाही. सुती कपडा घाम पितो, लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेतो. जीन्सचंही तेच. बर्फात बसलात की भिजली. आणि पहिल्या दिवशी तुम्ही बहुतेक बसलेलेच असाल!"

मग त्यानं तीन थर समजावले. अंगालगत घाम बाहेर टाकणारं थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, आणि सगळ्यांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट नि पँट. उकडलं तर एक थर उतरवायचा.

"म्हणजे कांदा," हिनं सारांश सांगितला.

हा वरचा पापुद्राच महाग निघाला. दोघांच्या जॅकेट-पँटींचा दुकानातला आकडा पाच दिवसांनी भागून पाहिला आणि वही मिटली. पुण्यात परतल्यावर ते जॅकेट घालायचं तरी कुठे? फार तर एसी थिएटरात.

"भाड्याने घ्या," भाचा म्हणाला. "वाटेत तंगमर्गला कोट आणि गमबूट मिळतात. स्की, काठ्या आणि स्कीचे बूट वर गुलमर्गला."

"दुसऱ्यानं घातलेले?" हिनं नाक मुरडलं.

"अगं, लग्नात मी ज्या घोड्यावर बसलो, तो काय घरचा होता?"

शेवटी सूत्र ठरलं: अंगाला लागेल ते विकत, जगाला दिसेल ते भाड्याने. आमच्या मध्यमवर्गीय संस्कारांना हे अगदीच उलटं. आजवर बनियनला भोकं पडली तरी चालत होतं, शर्टाला इस्त्री हवी होती. आता पैसे घातले ते कोणाला दिसणार नाहीत अशा थर्मलमध्ये आणि मोज्यांमध्ये.

मोज्यांचंही एक शास्त्र आहे. गुडघ्यापर्यंतचा लोकरी मोजा, पण एकच जोड. दोन चढवले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. बूटही 'वाढत्या पायाला एक नंबर मोठा' या आपल्या परंपरेतला चालत नाही. तो टणक प्लास्टिकचा असतो आणि घट्टच बसावा लागतो. टाच आत हलली की स्की आपलं ऐकत नाही. चालण्यासाठी माझे सिंहगडाचे बूट होतेच.

हातमोजे पाणी न शिरणारे घेतले, अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असे. एकत्र कुटुंबात बोटंही उबदार राहतात! बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना सोसत नाही म्हणून गॉगल घेतले. मफलरवर मात्र भाच्यानं काट मारली. लोंबती टोकं लिफ्टमध्ये अडकली तर गळ्याशी येतं.

राहता राहिली हिची पँट. साडी आणि पंजाबी ड्रेस यांपलीकडे ती कधी गेली नव्हती. मापाचा अंदाज यावा म्हणून भाच्यानं त्याच्या बायकोची फुगीर पँट आणून दिली. ही आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता बेत रद्द!

"अहो, पदर नाही की ओढणी नाही," ती म्हणाली. "दोन्ही हात मोकळे!"

"मग पडताना धरशील काय?"

"पडायलाच निघालोय, तर धरायचं कशाला?"

रात्री वहीत मी याद्या केल्या. विकत: थर्मल, फ्लीस, मोजे, हातमोजे, गॉगल. भाड्याने: जॅकेट, पँट, बूट, हेल्मेट, स्की. खाली हिनं आपल्या अक्षरात लिहिलं: 'घसरणं: फुकट.'

शिकवणाऱ्याच्या फीचा आकडा मी सध्या पुढच्या पानावर ठेवला आहे.