देश गेला, बाहुला राहिला : बर्लिनच्या वाळूवाल्या आजोबांची गोष्ट

बर्लिनला जाणारी बहुतेक मंडळी ठरलेली ठिकाणं बघून परत येतात. ब्रांडेनबुर्ग गेट, भिंतीचे उरलेले तुकडे, चेकपॉइंट चार्ली आणि वेळ उरला तर नदीतली बोटसफर. तुम्हीही ते सगळं बघाच. पण सोबत मुलं असतील, तर या शहरातल्या आणखी एका रहिवाशाला शोधा. तो जेमतेम वीतभर उंच आहे. डोक्यावर टोकदार टोपी, हनुवटीवर तशीच टोकदार पांढरी दाढी आणि जवळ वाळूची पिशवी. स्मरणवस्तूंच्या दुकानांत तो पोस्टकार्डांवर, कपांवर आणि बाहुल्यांच्या रांगेत हमखास भेटतो.

त्याचं नाव झांडमेन्शेन, म्हणजे वाळूवाला छोटा माणूस. मुलांना सांगताना आपण त्याला ‘वाळूवाले आजोबा’ म्हणू. टीव्हीवरचा हा बाहुला 1959 पासून जर्मन मुलांना रोज संध्याकाळी झोपवतो आहे. ज्या देशाने त्याला घडवलं तो देश 1990 मध्ये नकाशावरून पुसला गेला, पण आजोबांची ड्यूटी एवढ्या वर्षांत थांबली नाही.

आधी वाळूची भानगड

युरोपात जुनी समजूत आहे की रात्री एक माणूस येतो, मुलांच्या डोळ्यांत वाळू टाकतो आणि मुलं झोपी जातात. सकाळी डोळ्यांत चिपडं दिसतात ना, ती त्याचीच उरलेली वाळू! गंमत म्हणजे बर्लिनमध्येच राहिलेल्या ई. टी. ए. हॉफमान या लेखकाने 1816 मध्ये याच माणसावर अशी भयकथा लिहिली, की मोठ्यांचीही झोप उडावी. टीव्हीवरचे आजोबा मात्र अगदी मऊ स्वभावाचे. ते येतात, मुलांना एक छोटी गोष्ट दाखवतात, वाळू भुरभुरतात आणि निघून जातात. मुख्य म्हणजे ते बोलत नाहीत. एक शब्दही नाही. त्यामुळे जर्मन न येणाऱ्या तुमच्या-आमच्या मुलांनाही ते पहिल्या मिनिटात कळतात.

नऊ दिवसांची शर्यत

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढची मजा कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन देश झाले. पूर्वेकडे सोव्हिएत गटातला साम्यवादी देश आणि पश्चिमेकडे अमेरिकेच्या गटातला. बर्लिन शहरही मधोमध वाटलं गेलं. 1959 मध्ये पूर्वेकडच्या टीव्हीवाल्यांना कुणकुण लागली, की पश्चिम बर्लिनमध्ये वाळूवाल्यावर मुलांचा कार्यक्रम तयार होतोय. मग काय, एकच धावपळ! गेरहार्ड बेरेन्ट या कलाकाराच्या हातात बाहुला बनवायला जेमतेम दोन आठवडे होते. 22 नोव्हेंबर 1959 ला पूर्वेचे आजोबा टीव्हीवर आले. पश्चिमेचे आले 1 डिसेंबरला, म्हणजे नऊ दिवस उशिरा.

पहिल्याच भागात आजोबा इतके दमले, की काम आटोपून रस्त्याच्या कोपऱ्यावरच झोपी गेले. मुलांना ते बघवेना. ‘आमच्याकडे या, आमच्या पलंगावर झोपा’ अशी पत्रं स्टुडिओत येऊ लागली.

दोन वर्षांनी, ऑगस्ट 1961 मध्ये, शहरात भिंत उभी राहिली. माणसं अडली, पण टीव्हीच्या लहरी कशा अडणार? पश्चिम बर्लिनमधली मुलंसुद्धा पूर्वेचे आजोबा बघत राहिली.

आजोबांना सगळीकडे वाट मोकळी

या कार्यक्रमातली मुलांची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे आजोबांचं वाहन. आज हेलिकॉप्टर, उद्या घसरगाडी, परवा रॉकेट, कधी गरम हवेचा फुगा. बाहुला कणाकणाने हलवायचा, प्रत्येक हालचालीचं वेगळं चित्र घ्यायचं. सेकंदभराच्या दृश्यासाठी चोवीस-पंचवीस चित्रं लागतात. तरीही त्या वाहनांवर केलेली मेहनत बघून थक्क व्हायला होतं.

पण जरा विचार करा. हे बघणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना शेजारच्या गल्लीत, भिंतीपलीकडे जायची परवानगी नव्हती. आजोबा फुग्यातून हवे तिथे उतरत होते आणि त्याच देशात सप्टेंबर 1979 मध्ये दोन कुटुंबांनी घरी शिवलेल्या कापडाच्या फुग्यातून रात्री सीमा ओलांडली. आठ जणं होती, त्यांत चार मुलं. नशिबाने सगळे सुखरूप पलीकडे पोचले. या प्रसंगावर ‘बलून’ नावाचा जर्मन सिनेमा 2018 मध्ये आला आहे. किशोरवयीन मुलांसोबत बघण्यासारखा आहे.

आजोबा सरकारी नोकर होते, हेही लपवायला नको. काही भागांत ते सैनिकांना भेटतात, सरकारी बालसंघटनेतल्या मुलांमध्ये मिसळतात. गोड बाहुल्याच्या आडून सरकार मुलांच्या खोलीत शिरत होतं, यात शंका नाही. मला वाटतं, हे माहीत असूनही तो बाहुला आवडू शकतो. तिथल्या लोकांचं नेमकं तेच झालं.

अंतराळातलं लग्न

26 ऑगस्ट 1978 ला झिगमुंड येन हा पूर्व जर्मन अंतराळवीर सोव्हिएत यानातून सॅल्यूत 6 या अंतराळस्थानकाकडे निघाला. अंतराळात जाणारा तो पहिला जर्मन. मित्रदेशांच्या अंतराळवीरांना वर नेणारा हा सोव्हिएत कार्यक्रम आपल्याही ओळखीचा आहे, त्यातूनच 1984 मध्ये आपले राकेश शर्मा गेले. तर, येनच्या सामानात कोण होतं? वाळूवाले आजोबा! सोबतच्या वालेरी बिकोव्स्कीकडे माशा नावाची रशियन बाहुली होती. मग दोघांनी मिळून वजनरहित अवस्थेत त्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावून दिलं. भातुकली कुठेही मांडता येते, हेच खरं.

एक सिनेमा बघूनच निघा

बर्लिनच्या विमानात बसण्याआधी ‘गुड बाय, लेनिन!’ हा वोल्फगांग बेकर यांचा 2003 चा सिनेमा जरूर बघा. गोष्ट साधी आहे. पूर्व बर्लिनमधली एक आई कोमात जाते. ती बेशुद्ध असतानाच भिंत पडते. शुद्धीवर आल्यावर तिला धक्का बसू नये म्हणून मुलगा अ‍ॅलेक्स तिच्या खोलीपुरता तो जुना देश जिवंत ठेवतो. जुन्या बाटल्या, जुने कपडे, अगदी खोट्या टीव्ही बातम्यासुद्धा.

यात एक छोटा प्रसंग आहे. वर्षांपूर्वी पश्चिमेला निघून गेलेल्या वडिलांना शोधत अ‍ॅलेक्स त्यांच्या मोठ्या घरी पोचतो. तिथे पाहुण्यांची गर्दी. तो एका खोलीत शिरतो, तर दोन लहान मुलं टीव्हीसमोर बसलेली. ती त्याची सावत्र भावंडं, आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेली. पडद्यावर असतात वाळूवाले आजोबा, अंतराळवीराच्या वेषात. अ‍ॅलेक्स गुपचूप त्यांच्या शेजारी बसतो. घर परकं, बाप परका, पण टीव्हीवरचा तो बाहुला तिघांच्याही ओळखीचा. आपल्याकडे पाध्यांचा अर्धवटराव दिसला की आजोबा आणि नातू दोघंही एकदम हसतात, तसं हे नातं. फरक एवढाच, की इथे मध्ये एक भिंत होती.

येनसारखा दिसणारा एक टॅक्सीवाला या सिनेमात धमाल करतो. तो काय करतो, ते मुद्दाम सांगत नाही.

भेटायचं कुठे?

सुरुवात नदीकाठच्या डीडीआर म्युझियमपासून करा. बर्लिन कॅथेड्रलच्या अगदी समोर. इथे वस्तू नुसत्या काचेआड नाहीत, खणे उघडायचे, हात लावायचा. पूर्व जर्मन घराची बैठकीची खोली उभी केली आहे, तिथे सोफ्यावर टेकून घ्या. मग कार्ल-मार्क्स-आले या रुंद रस्त्यावर फेरफटका मारा. सिनेमात लेनिनचा अर्धा पुतळा हेलिकॉप्टरला लटकून जातो तो याच रस्त्यावरून.

दुसऱ्या दिवशी अलेक्झांडरप्लाट्झहून एस 7 लोकलने पॉट्सडाम गाठा. तिकीट ए-बी-सी झोनचं घ्या, नाहीतर दंड बसेल. तिथे जुन्या राजेशाही तबेल्यात चित्रपट संग्रहालय आहे. जाण्याआधी सध्या कोणतं प्रदर्शन लागलंय ते वेबसाइटवर बघून ठेवा.

रस्ता ओलांडताना सिग्नलमधल्या हॅटवाल्या छोट्या माणसाकडेही मुलांचं लक्ष वेधा. तोही पूर्वेचाच. कार्ल पेगलाऊ यांनी 1961 मध्ये तो आखला. देश एकत्र झाल्यावर त्यालाही काढायला निघाले होते, लोकांनी ओरडा करून वाचवला.

आजोबांच्या बाबतीतही तेच घडलं. 1991 च्या अखेरीस पूर्वेची टीव्हीसंस्था बंद झाली. तिचे बरेचसे कार्यक्रम गेले, नोकऱ्या गेल्या. पण आजोबांना हात लावायची वेळ आली तेव्हा आईबाप खवळले आणि नव्या वाहिन्यांनी त्यांना सामावून घेतलं. पश्चिमेचा वाळूवाला तर भिंत पडण्याच्या आधीच, 1989 मध्ये निवृत्त झाला होता. म्हणजे आज सबंध जर्मनीतली मुलं पूर्वेच्या आजोबांना बघत झोपतात. 2010 मध्ये त्यांच्यावर मोठ्या पडद्यासाठी सिनेमाही निघाला.

हॉटेलात असाल तर संध्याकाळी सातच्या थोडं आधी ‘किका’ ही मुलांची वाहिनी लावा. आणि दुकानातून बाहुला घेताना दाढी तपासा. पश्चिमेच्या वाळूवाल्याची दाढी खलाशासारखी गोल होती. टोकदार दाढीचे, ते आपले आजोबा.