जुने न पुसता

दारातली रांगोळी सकाळी एकदा काढली की संध्याकाळपर्यंत निभावते. संगणकाच्या पडद्यावरील चित्राचे तसे नसते. पडदा बहुधा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असतो आणि चित्रातले काहीही हलले की ते प्रोग्रॅमला पुन्हा काढून द्यावे लागते. आपल्याला वाटते, चित्र तिथे आहेच. प्रत्यक्षात कुणीतरी ते सारखे काढीत असते.

कला शाखेचा मी विद्यार्थी. या भानगडीत पडण्याचे कारण आमचे आजोबा. चाळीस वर्षे त्यांनी तबला शिकवला. गेल्या दोन वर्षांत कान गेले. हाताखालचा तबला त्यांना बोटांतून कळतो, पण पेटीवरचा लेहरा ऐकू येत नाही. आणि लेहऱ्यावाचून सम कुठे, हे कुणी सांगायचे? एके दिवशी ते म्हणाले, "अरे, ऐकू येत नाही तर नाही. दिसेल असे काही करता येईल का?"

मॅक्स नावाची एक प्रणाली संगीतकार वापरतात. मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकात पॅरिसच्या इर्काम या संस्थेत ती प्रथम लिहिली, आणि मॅक्स मॅथ्यूज यांचे नाव तिला दिले. या मॅथ्यूजनी १९५७ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये संगणकाकडून सूर काढवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. मॅक्समध्ये तयार बटणे, काटे, पट्ट्या पुष्कळ आहेत; तीनतालाचे आवर्तन मात्र कुठून असणार? ते सी भाषेत आपणच लिहायचे. विज्ञान शाखेतल्या एका मित्राला गुरू केले आणि कामाला लागलो.

चित्र साधेच. एक वर्तुळ, त्यावर सोळा मात्रा, प्रत्येकीखाली तिचा बोल. १, ५ आणि १३ या मात्रांवर टाळीची खूण, ९ वर खाली. आणि या सगळ्यांवरून फिरणारा एक तांबडा ठिपका. आता ठिपका जरा सरकला की सगळे वर्तुळ, सगळे बोल पुन्हा लिहायचे? संगणक बिचारा लिहीलही. पण अक्षरे मांडणे हे त्याच्या लेखी जड काम आहे, आणि ते सेकंदातून अनेकदा करू लागला की ठिपका अडखळतो. अडखळणारा ठिपका तबलजीला काय उपयोगाचा?

यावर तोड म्हणजे थर. न हलणारे सारे एका थरावर एकदाच काढून ठेवायचे. पुढच्या वेळी प्रोग्रॅम विचारतो, हा थर अजून चालण्याजोगा आहे का? असेल तर तयार चित्र उचलून ठेवतो आणि त्यावर फक्त ठिपका काढतो. व्यंगपटवाल्यांना ही युक्ती जुनीच. अर्ल हर्ड यांनी पारदर्शक पत्र्यांच्या पद्धतीच्या पेटंटसाठी १९१४ सालीच अर्ज केला होता. मागचा देखावा तोच, पात्रे तेवढी बदलायची.

यात दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक म्हणजे 'पुन्हा काढ' असे सांगितले तरी मॅक्स लगेच काढीत नाही. नोंद करून ठेवते आणि पडद्याची पाळी आली की काढते. दुसरी अधिक महत्त्वाची. तीनताल सोडून झपताल लावला की नुसते 'पुन्हा काढ' म्हणून भागत नाही. ते केले तर जुनाच सोळा मात्रांचा थर निमूट समोर येतो. 'हा थर आता रद्द' असे स्पष्ट सांगावे लागते. मगच दहा मात्रांचे वर्तुळ उभे राहते.

आमच्या वर्गात परंपरा आणि नवता हा वाद वर्षभर चालतो. एका पक्षाला दर खेपेला सगळी पाटी कोरी हवी. दुसऱ्याला जुन्या थरावर बोटही लावलेले खपत नाही. मला दोघांनाही विचारावेसे वाटते : नेमके काय बदलले आहे? ठिपका, की ताल? ठिपकाच सरकला असेल तर वर्तुळ पुसू नये. तालच बदलला असेल तर जुने वर्तुळ कितीही सुबक असो, ते ठेवू नये.

आजोबांचे पाहा. कान गेले, पण चाळीस वर्षांत आत कोरले गेलेले आवर्तन जागचे हललेले नाही. पडद्यासमोर बसून ते तिहाई घेतात आणि ठिपका समेवर येतो तेव्हा त्यांचा 'धा' तिथेच पडतो. मला त्यांना ताल शिकवायचा नव्हताच, फक्त वरचा एक थर भरून द्यायचा होता.

समेची मात्रा मी भरीव वर्तुळाने काढतो आणि खालीची पोकळ. परवा आजोबा म्हणाले, "आता रूपक लाव." रूपकाच्या सात मात्रा, आणि त्याची तर समच खाली! भरीव काढू की पोकळ? विचारले तर नुसते हसले आणि मांडीवर ठेका धरला.