जुना ब्लेझर आणि वसंतऋतू

फाल्गुनाचे ऊन तापू लागले, की आमच्या सीमाभागात घरोघरी गरम कपडे पेटीत जातात. पुढे उपवासकाळ संपून पुनरुत्थानाचा सण झाला, की लग्नांची दाटी होते आणि पेटीतला कोट पुन्हा बाहेर निघतो. तो उष्ण, तो जुन्या वळणाचा, म्हणून नवा शिवण्याचा विचार सुरू होतो. आणि त्यापाठोपाठ कर्जाचा. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले.

ब्लेझर हा मुळी थंडीचा कोट नव्हेच. इंग्लंडात केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात १८२५ साली लेडी मार्गारेट बोट क्लब स्थापन झाला. तेथील नौका वल्हविणारे विद्यार्थी लालभडक कोट घालीत. त्या ज्वालेसारख्या रंगावरून हे नाव पडले, असे सांगतात. नदीकाठी अंगावर सहज टाकावयाचे ते वस्त्र. पुढे इतर कोटांप्रमाणे त्यातही अस्तर, बुकरम व खांद्यांची गादी शिरली. १९३० नंतरच्या दशकात इटलीतील नेपल्स येथे व्हिन्चेन्सो आत्तोलीनी या शिंप्याने कोटांतील ही भरती काढून टाकली, आणि उष्ण हवेच्या त्या शहरास तो हलका कोट मानवला.

गतवर्षी लग्न ठरलेला एक तरुण आमच्याकडे आला. बाप वारलेला, त्याचा निळा ब्लेझर आईने डांबराच्या गोळ्या घालून जपला होता. “फादर, हा घातला तर लोक हसतील. नव्यासाठी कर्ज काढतो,” तो म्हणाला. आई दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही. आम्ही तो कोट त्याच्या अंगावर चढवून पाहिला. खांदे नेमके बसले. खांदे बसले, की कोट वाचला असे समजावे. कारण खांदा उसवून पुन्हा बसविणे फार कठीण. बाकी सारे साधते.

शिंप्याने पाठीचे खालचे अस्तर काढले. खांद्यांखालचे व बाह्यांतील मात्र राखले, म्हणजे हात सहज सरकतो. उघड्या पडलेल्या शिवणींना सुती गोट मारला. कमरेशी बाजूच्या शिवणी किंचित आत घेतल्या. बाही अर्धा इंच आखूड केली, म्हणजे सदऱ्याची कड दिसावी. कोटाची लांबी मात्र तशीच ठेवली. ती कापल्यास खिसे खाली घसरल्यासारखे दिसतात. चकाकणाऱ्या पितळी बटणांच्या जागी नारळाच्या करवंटीची बटणे आली. खाली फिकट राखी सुती विजार, आत पांढरा सुती सदरा, पायांत तपकिरी बूट. टाय नाही, आणि कोटाचे शेवटचे बटण मोकळे.

लग्नात कोणी हसले नाही. कर्जही टळले. काढलेल्या अस्तराचे तुकडे आईने घडी करून पेटीत ठेवले.

असा कोट पुन्हा ठेवताना घामाचे डाग आधी काढावेत, कारण मळलेल्या लोकरीवर कसर लवकर लागते. मग ब्रशाने झाडून त्यास ऊन द्यावे. इस्त्री ओलसर फडक्यावरून करावी, नाही तर कापडास तुळतुळीत चमक येते. ज्यांच्या घरी पित्याचा वा आजोबांचा कोट असेल, त्यांनी आधी त्याचे खांदे पाहावेत. सावकाराचे दार मग.