भाट्याच्या खाडीपासून आंब्यापर्यंत

डिसेंबरातील एका सकाळी आम्ही दोघे बंधू भाट्याच्या पुलावर सायकली घेऊन उभे होतो. येथे काजळी नदी समुद्रास मिळते. तिचा उगम आंबा घाटाच्या परिसरात. म्हणजे मुखाकडून उगमाकडे, सुमारे 65 किलोमीटर आणि 2000 फुटांचा चढ. सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी नवकारशी पारून पाणी घेतले व निघालो. हातखंब्याची चढण लागताच धाकट्याने विचारले, "दादा, घाट तो हाच का?"

पालीनंतर जांभ्याचे उघडे सडे, मध्येच हापूसच्या बागा, उतारावर कौलारू घरे. साखरप्यास जेवण होईतो दोन वाजले. (कांदा-लसणाविना आमटी करून देणाऱ्या त्या खानावळीच्या बाईंना दीर्घायुष्य लाभो!) पुढे पंक्चर झाले आणि सोबतची जादा ट्यूब फाटकी निघाली. आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले. ट्यूब तेवढी तपासावयाची राहिली. ठिगळ लावण्यात तास गेला.

घाटात निम्म्याहून अधिक अंतर सायकली हाती धरून चाललो. दरीत काळोख साचू लागला, पाठीमागे कोकणाचे आकाश तांबूस झाले. आंबा गाव अजून दूर होते. सूर्यास्तास थोडाच अवधी उरला तेव्हा धाकटा म्हणाला, "दादा, आता येथेच बसू." कठड्यावर बसून दशम्या खाल्ल्या, बाटलीतील उकाळलेले पाणी संपविले, चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. उरलेला चढ कोरड्या घशाने चढलो.

मुक्कामी यजमानांनी चहा पुढे केला. आम्ही हात जोडले. त्यांनी काही न विचारता बंबातील ऊन पाणी पाय शेकावयास आणून ठेवले.